डीएनएमध्ये थायमीन कशासाठी?

केंद्रकाम्लांचा पाठ शिकवताना फळ्यावर एक तक्ता हमखास येतो. डाव्या बाजूला डीएनए, उजव्या बाजूला आरएनए. डीएनएमध्ये ॲडेनीन, ग्वानीन, सायटोसीन आणि थायमीन हे चार बेस. आरएनएमध्ये ॲडेनीन, ग्वानीन, सायटोसीन आणि युरॅसिल. मुले तो पाठ करतात, ‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नाला गुण मिळवतात आणि विषय तेथेच संपतो. क्वचित एखादी मुलगी विचारते, “तीन अक्षरे दोन्हीकडे सारखी आहेत, मग चौथेच का बदलले?” बहुतेक वेळा ‘ते तसेच असते’ असे सांगून आपण पुढच्या मुद्द्याकडे वळतो.

पण हा प्रश्न तसा सोडून देण्यासारखा नाही. थायमीन आणि युरॅसिल यांच्यातला फरक अगदी किरकोळ आहे. युरॅसिलला एक मिथिल गट, म्हणजे एक कार्बन व तीन हायड्रोजन एवढेच, जोडले की झाले थायमीन. दोघांचीही जोडी जमते ती ॲडेनीनशीच. तेव्हा माहिती साठवायची एवढेच काम असेल तर दोघेही सारखेच लायक आहेत. शिवाय थायमीन पेशीला स्वस्तात पडत नाही. डीएनएसाठी लागणारा थायमीनचा घटक पेशी युरॅसिलच्या घटकापासून तयार करते आणि प्रत्येक घटकामागे एक मिथिल गट खर्ची घालते. आरएनएचे काम युरॅसिलवर भागत असेल तर डीएनएसाठी हा जादा खर्च कशाला?

याचे उत्तर अक्षरांच्या यादीत सापडत नाही. ते सापडते डीएनएच्या दुरुस्तीत, आणि ही दुरुस्ती पेशीत अखंड चालू असते.

पाण्यात ठेवलेली पोथी

१९५३ मध्ये डीएनएची रचना उलगडली. त्यानंतर बरीच वर्षे जीवशास्त्रज्ञांनी असे गृहीत धरले होते की हा रेणू अत्यंत टिकाऊ असला पाहिजे. गृहीत धरायला कारणही होते. पणजीचे घारे डोळे पणतीला येतात, गव्हापासून गहूच होतो. पिढ्यान् पिढ्या जी माहिती जशीच्या तशी पोचते ती ज्यावर लिहिली आहे तो कागद भक्कमच असणार!

या समजुतीबद्दल शंका घेणाऱ्यांत स्वीडनचे टॉमस लिंडाल हे प्रमुख होते. १९६० च्या दशकात ते अमेरिकेत प्रिन्स्टन येथे आरएनएवर काम करीत होते. प्रयोगासाठी आरएनए तापवले की ते भराभर मोडून जाई. आरएनए डीएनएपेक्षा नाजूक असते हे तेव्हाही माहीत होते. पण लिंडाल यांच्या मनात आले की आरएनए इतके कच्चे असेल, तर डीएनए आयुष्यभर टिकण्याइतके पक्के खरोखरच असेल का? स्टॉकहोमला परतल्यावर त्यांनी या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. प्रयोगाचे तत्त्व साधे होते. डीएनए पाण्यात ठेवायचे, आम्लता व तापमान बदलत न्यायचे, आणि त्यातून काय सुटून बाहेर पडते ते मोजायचे. ३७ अंश तापमानाला बदल इतका मंद असतो की तो थेट मोजणे अवघड. म्हणून जास्त तापमानाला मोजून हिशेबाने खाली यायचे.

१९७२ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झालेल्या या मोजमापांतून जे चित्र उभे राहिले ते धक्कादायक होते. डीएनए टिकाऊ तर नाहीच, उलट नुसत्या पाण्याने ते झिजत असते. आपली पेशी म्हणजे तरी काय, ३७ अंशांचे खारट पाणीच. या पाण्यात माणसाच्या एका पेशीतील डीएनएवरून दिवसाकाठी हजारो, सुमारे दहा हजारांपर्यंत, ॲडेनीन आणि ग्वानीन आपोआप गळून पडतात. साखर आणि फॉस्फेटची माळ तशीच राहते, मणी तेवढा निसटतो. त्याखेरीज रोज शंभर ते पाचशे सायटोसीनांचे रूपच पालटते. येथे किरणोत्सार नाही, विषारी रसायन नाही, धूम्रपान नाही. निरोगी माणसाच्या निरोगी पेशीत, तो झोपलेला असतानासुद्धा, हे चाललेले असते.

मग पणजीचे घारे डोळे पणतीपर्यंत पोचतात कसे? लिंडाल यांनी निष्कर्ष काढला की पोथीचा कागद पक्का नाही, तेव्हा ती सतत डागडुजी करणारे कोणीतरी पेशीत बसलेले असलेच पाहिजे. आधी हिशेब आणि मग शोध, असा हा क्रम आहे. शोधामागचा हा तर्क मुलांपर्यंत पोचवावा, कारण पाठ्यपुस्तकात बहुधा फक्त शोध येतो, त्यामागचा हिशेब येत नाही.

सायटोसीनचे सोंग

आता त्या शंभर-पाचशे सायटोसीनांकडे पाहू. सायटोसीनच्या वलयाला एक अमिनो गट लटकलेला असतो. पाण्याशी अभिक्रिया होऊन तो अमोनियाच्या रूपाने निघून जातो आणि त्याच्या जागी ऑक्सिजन येतो. एवढा बदल झाला की ते सायटोसीन राहत नाही, युरॅसिल होते.

यात धोका असा की सायटोसीनची जोडी ग्वानीनशी जमते, युरॅसिलची मात्र ॲडेनीनशी. पुढे पेशीचे विभाजन होताना डीएनएचे दोन धागे सुटे होतात आणि प्रत्येकावरून नवा जोडीदार धागा विणला जातो. युरॅसिलसमोर ॲडेनीन बसते. त्याच्या पुढच्या फेरीत त्या ॲडेनीनसमोर थायमीन बसते. मूळच्या ग्वानीन-सायटोसीनच्या जागी ॲडेनीन-थायमीन आले, आणि आता दोन्ही बाजू एकमेकींशी अगदी जुळतात, त्यामुळे चूक झाली होती याचा पुरावाही उरत नाही. यालाच आपण उत्परिवर्तन म्हणतो.

म्हणजे दुरुस्ती व्हायची तर ती पुढील विभाजनाच्या आत व्हायला हवी. १९७४ मध्ये लिंडाल यांना आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूत एक विकर सापडले. डीएनएमधील युरॅसिल शोधायचे आणि साखरेपासून ते तोडून टाकायचे, एवढेच त्याचे काम. हे विकर डीएनएवरून सरकत जाते, बेसला साखळीच्या बाहेर वळवून आपल्या एका खोबणीत बसवून पाहते. युरॅसिल त्या खोबणीत नेमके बसते. थायमीन बसत नाही, कारण त्याचा मिथिल गट आडवा येतो. युरॅसिल तोडले गेले की दुसरे विकर त्या रिकाम्या जागी माळेचा धागा कापते, तिसरे समोरचे ग्वानीन पाहून तेथे सायटोसीन बसवते आणि चौथे शेवटची गाठ मारते. पुढे लिंडाल यांनीच मानवी पेशीतील विकरे घेऊन ही दुरुस्ती परीक्षानळीत घडवून दाखवली, ती १९९६ मध्ये.

आणि आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. डीएनएमध्ये युरॅसिल हे अधिकृत अक्षर असते, तर दुरुस्ती करणाऱ्या विकराला खरे युरॅसिल आणि सायटोसीनचे सोंग घेऊन आलेले युरॅसिल यांत फरक करता आलाच नसता. डीएनएने आपल्या चौथ्या अक्षराला मिथिल गटाचा शिक्का मारून ठेवला आहे. शिक्का असलेले ते आपले. बिनशिक्क्याचे युरॅसिल दिसले की ते उपरे, काढून टाका. आरएनएला ही काळजी नाही. त्याच्या प्रती पुष्कळ असतात, त्या थोड्या वेळात वापरून मोडीत निघतात. एखादी बिघडली तर बिघडली. घरातल्या वाणसामानाच्या चिठ्ठीला कोणी शिक्का मारून घेत नाही, सातबाऱ्याच्या उताऱ्याला मात्र तो लागतो.

वर्गात हे पट्ट्यांवर करून पाहता येते. वीस अक्षरांची एक कागदी पट्टी बनवा: अ, ग, स, थ ही अक्षरे कोणत्याही क्रमाने. तिच्याखाली जोडीची पट्टी: अ समोर थ, ग समोर स. मुलांची नजर चुकवून वरच्या पट्टीतील एका ‘स’चा ‘य’ करा, म्हणजे युरॅसिल. काय बिघडले ते शोधायला सांगा. खालची पट्टी न पाहतासुद्धा मुले क्षणात बोट ठेवतात. आता दुसरा डाव. दोन्ही पट्ट्यांतील सगळ्या ‘थ’च्या जागी ‘य’ लिहा, आणि मग पुन्हा एका ‘स’चा ‘य’ करा. आता एकटी पट्टी पाहून काहीच कळत नाही. दोन्ही पट्ट्या जोडून पाहिल्या तर एका ठिकाणी ‘य’समोर ‘ग’ आलेला दिसतो. चूक आहे हे समजते, पण चूक कोणाची? वर ‘स’ हवा होता की खाली ‘अ’ हवा होता? येथे मुलांत भांडण जुंपते, ते जुंपू द्यावे.

या स्पष्टीकरणाचा पडताळा घेण्याची संधी निसर्गानेच ठेवली आहे. पेशी काही सायटोसीनांनाही मिथिल गट जोडते. आपल्या पेशींत कोणती जनुके बंद ठेवायची याची ती एक खूण असते. जीवाणूंत तिचे उपयोग वेगळे आहेत. अशा मिथिलधारी सायटोसीनचा अमिनो गट निघून गेला तर त्याचे युरॅसिल होत नाही, थेट थायमीन होते. शिक्का आधीच मारलेला! दुरुस्ती करणारे विकर त्याला हात लावणार नाही. आपला तर्क बरोबर असेल तर उत्परिवर्तने या जागांवर जास्त सापडली पाहिजेत. ई. कोलायच्या एका जनुकात १९७८ मध्ये नेमके तेच आढळले. आणि १९८० मध्ये, युरॅसिल काढणारे विकर ज्यांच्यात नाही असे जीवाणू घेतले तेव्हा साधी सायटोसीनेही तितक्याच वेगाने बदलू लागली. म्हणजे मिथिलधारी जागा मुळात काही फार नाजूक नव्हत्या. इतर जागांना पहारेकरी होता, यांना नव्हता. आपल्या जीनोममध्येही याची निशाणी आहे. मिथिल गट प्रामुख्याने सायटोसीनपुढे ग्वानीन आले असता लागतो, आणि अशा लगतच्या जोड्या मानवी डीएनएमध्ये अपेक्षेच्या सुमारे एक-पंचमांशच उरल्या आहेत. बाकीच्या उत्क्रांतीच्या ओघात झिजून गेल्या. या ग्वानीन-थायमीनच्या विजोडीसाठी आपल्याकडे स्वतंत्र विकर आहे खरे, पण त्याचे काम तितके चोख नाही.

चूक कोणाची?

पट्ट्यांच्या दुसऱ्या डावातला वाद पेशीलाही सोडवावा लागतो, आणि तो रोजचाच असतो. कारण पाण्याने काही बिघडवले नाही तरी प्रत काढतानाच चुका होतात. माणसाच्या पेशीत आईकडून आणि वडिलांकडून आलेली मिळून सुमारे सहाशे कोटी अक्षरे असतात. प्रत काढणारे विकर साधारण लाखात एक अक्षर चुकीचे लावते. म्हणजे एका विभाजनात साठ हजार चुका! हे विकर स्वतःच मागे वळून ताजे अक्षर तपासते व चुकले असेल तर खोडते. त्याने प्रमाण कोटीत एकपर्यंत उतरते. तरीही सहाशे चुका शिल्लक राहतात. त्या सहाशेंपैकी बहुतेक निस्तरणारी तिसरी यंत्रणा आहे, आणि तिच्यापुढचा पेच म्हणजे मुलांचे ते भांडण: विजोड दिसली, आता बदलायचे कोणाला? मूळ धाग्यावरचे अक्षर ‘दुरुस्त’ केले तर चूकच कायम होईल.

हा पेच सोडवण्यात अमेरिकेचे पॉल मॉड्रिच यांचे मोठे काम आहे. त्यांचे वडील गावातल्या शाळेत जीवशास्त्राचे शिक्षक होते. १९६३ मध्ये, वॉटसन आणि क्रिक यांना नोबेल पारितोषिक मिळाल्याला वर्ष झाले असताना, या डीएनएचे काहीतरी शिकून घे, असे त्यांनी मुलाला सुचवले होते. मुलाने ते आयुष्यभर मनावर घेतले.

ई. कोलायमध्ये एक विकर ठरावीक ठिकाणच्या ॲडेनीनला मिथिल गट जोडत असते, पण ते काम थोडे उशिराने होते. नवा धागा विणल्यानंतर काही मिनिटे जुन्या धाग्यावर मिथिलच्या खुणा असतात, नव्यावर त्या अजून यायच्या असतात. तेवढ्या वेळात दुरुस्तीचे पथक ओळखते की बिनखुणेचा धागा नवा, म्हणून चूक त्याचीच. एक प्रथिन विजोड हेरते, दुसरे मध्यस्थ असते, तिसरे जवळच्या खुणेच्या जागी नवा धागा कापते. ‘जवळच्या’ म्हणजे कधी हजारएक अक्षरांइतके लांबसुद्धा. तेथपासून चुकीपर्यंतचा सगळा तुकडा काढून नव्याने विणला जातो. एका अक्षरासाठी हजार अक्षरे! खर्चिक वाटते, पण मूळ प्रत बिघडवण्यापेक्षा हे स्वस्तच पडते. मॅथ्यू मेसेलसन यांच्याबरोबर केलेल्या प्रयोगांपासून सुरुवात करून मॉड्रिच यांनी १९८९ मध्ये ही सगळी प्रक्रिया शुद्ध प्रथिने घेऊन परीक्षानळीत घडवून दाखवली. आपल्या पेशींत नवा धागा मिथिलच्या खुणेवरून ओळखला जात नाही. नुकत्याच विणलेल्या धाग्यात ठिकठिकाणी जे खंड राहिलेले असतात ते त्याची ओळख देतात. ही यंत्रणा जन्मतः अर्धी पंगू असलेल्या कुटुंबांत मोठ्या आतड्याचा कर्करोग तरुण वयात व पिढ्यान् पिढ्या आढळतो, हे १९९३ मध्ये उघड झाले. या तिन्ही पायऱ्या ओलांडून सुटणाऱ्या चुका साधारण अब्जात एक किंवा त्याहूनही कमी असतात.

ऊन

आतापर्यंतची सगळी हानी पेशीच्या आत, कोणाच्याही मदतीशिवाय होणारी होती. बाहेरून येणाऱ्या हानीचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे सूर्यप्रकाशातील अतिनील किरण. गंमत अशी की डीएनए दुरुस्तीचा पहिला स्पष्ट पुरावा मिळाला तो येथेच, आणि तोही डीएनएची रचना समजण्याच्या चार वर्षे आधी.

आल्बर्ट केल्नर हे अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील प्रयोगशाळेत नवी प्रतिजैविके तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या शोधात होते. स्ट्रेप्टोमायसीन ज्यापासून मिळते त्या स्ट्रेप्टोमायसिसच्या बीजाणूंवर ते अतिनील किरण सोडत आणि वाचलेल्यांतून नवे प्रकार निवडत. पण वाचणाऱ्यांची संख्या काही केल्या स्थिर येईना. आज मूठभर, उद्या असंख्य, किरणांची मात्रा मात्र तीच. त्यांना तापमानाचा संशय आला, म्हणून बाटल्या पाण्याच्या पात्रात ठेवून तापमान अगदी स्थिर राखले. तरीही गोंधळ तसाच. ते पात्र काचेचे होते आणि खिडकीजवळच्या टेबलावर होते. काही बाटल्यांवर उजेड जास्त पडत होता! मग त्यांनी काही बाटल्या मुद्दाम अंधारात आणि काही उजेडात ठेवल्या. उजेडातल्या बीजाणूंपैकी वाचणाऱ्यांची संख्या अंधारातल्यांच्या लाखो पटींनी अधिक निघाली. हे १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी रेनातो डल्बेको यांना जीवाणूभक्षक विषाणूंत तेच दिसले.

अतिनील किरणांमुळे डीएनएच्या एकाच धाग्यावरील लगतची दोन थायमीने एकमेकांना चिकटतात आणि साखळीला कुबड येते. दृश्य प्रकाशातील ऊर्जा वापरून ही मिठी सोडवणारे विकर असते. अझीझ सान्जार या तुर्की डॉक्टरांनी अमेरिकेत स्टॅन रूपर्ट यांच्या प्रयोगशाळेत त्याचे जनुक १९७६ मध्ये वेगळे केले. पुढे कोठे चांगली जागा मिळेना, म्हणून ते येल विद्यापीठात प्रयोगशाळा-तंत्रज्ञ म्हणून रुजू झाले आणि तेथे त्यांनी अंधारात चालणारी दुसरी पद्धत उलगडली. तीत चिकटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना धागा कापून बारा-तेरा अक्षरांचा तुकडाच काढून टाकला जातो. १९८३ मध्ये हे प्रसिद्ध झाले. लिंडाल, मॉड्रिच आणि सान्जार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

प्रकाशाची मदत घेणारे ते विकर जीवाणूंत आहे, वनस्पतींत आहे, कांगारूंतही आहे. आपल्यात मात्र नाही. आपली सारी भिस्त तुकडा काढण्याच्या पद्धतीवर. तीही जन्मतः बिघडलेली असेल तर काय होते ते ‘झिरोडर्मा पिगमेंटोसम’ या दुर्मीळ आनुवंशिक रोगात दिसते. व्हिएन्नाचे डॉक्टर मोरिट्झ कापोसी यांनी एकोणिसाव्या शतकात त्याचे वर्णन केले होते. पण त्याचे कारण म्हणजे डीएनए दुरुस्तीतला दोष, हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखवले. या मुलांची त्वचा थोड्याशा उन्हानेही भाजते, उघड्या भागावर लहानपणीच ठिपके उमटतात आणि पहिला त्वचेचा कर्करोग आठ-नऊ वर्षांच्या वयात दिसू शकतो. रोग अप्रभावी जनुकांमुळे होत असल्याने नात्यातल्या लग्नांतून झालेल्या मुलांत तो अधिक आढळतो. मामाच्या मुलीशी लग्न ही आपल्याकडे अनेक समाजांत रीतच आहे, हे येथे लक्षात ठेवायला हवे.

दोन्ही धागे एकदम तुटण्याचा प्रकार सर्वांत घातक. क्ष-किरण व गॅमा किरण तो घडवतात. त्यासाठी पेशी एकतर तुटकी टोके तशीच जोडते, किंवा विभाजनाआधी तयार झालेली दुसरी प्रत समोर ठेवून तुटलेला मजकूर नव्याने लिहिते. दुसऱ्या पद्धतीला लागणारी दोन प्रथिने म्हणजे बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२. स्तनाच्या कर्करोगाच्या संदर्भात त्यांची नावे वाचकांनी ऐकली असतील. याविषयी लिहायचे तर स्वतंत्र लेखच हवा. मला थायमीनकडे परत जायचे आहे.

शिक्का मारायची शाई

थायमीनवरचा मिथिल गट येतो कोठून? तो येतो फोलेट या जीवनसत्त्वाकडून. युरॅसिलच्या घटकाला मिथिल गट जोडून थायमीनचा घटक बनवणाऱ्या विकराला फोलेट लागतेच. आणि फोलेट आपले शरीर तयार करू शकत नाही. ते पालेभाज्या, कडधान्ये, यकृत यांतून यावे लागते.

या जीवनसत्त्वाच्या शोधाची सुरुवात मुंबईत झाली. १९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. गरोदर स्त्रियांना, विशेषतः कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांना, एक प्राणघातक रक्तक्षय होत असे. त्यात लाल पेशी कमी तर होतच, पण ज्या असत त्या अवाजवी मोठ्या असत. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना विल्स यांनी या बायकांच्या आहाराची पाहणी केली, तसाच निकृष्ट आहार माकडांना देऊन पाहिला, आणि माकडांनाही रक्तक्षय झाला. औषध म्हणून यकृताचा अर्क चालत होता, पण तो महाग. विल्स यांनी मार्माइट, म्हणजे दारूभट्टीत उरलेल्या यीस्टचा स्वस्त अर्क, देऊन पाहिला. माकडे सुधारली, बायकाही सुधारल्या. हे निष्कर्ष १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. यीस्टमधला तो घटक कोणता, हे कळायला आणखी दहा वर्षे गेली. १९४१ मध्ये अमेरिकेत सुमारे चार टन पालकातून तो वेगळा करण्यात आला, आणि पानातून मिळाला म्हणून लॅटिनमधील ‘पान’ या शब्दावरून त्याचे नाव फॉलिक ॲसिड ठेवले गेले.

लाल पेशी मोठ्या का होतात ते आता समजू शकते. अस्थिमज्जेतील पेशी शरीरातील सर्वांत वेगाने विभागणाऱ्या पेशींपैकी आहेत. फोलेट नसेल तर थायमीनचा घटक कमी पडतो, डीएनएची प्रत पुरी होत नाही. पेशी वाढत राहते, पण विभागत नाही. आणि याहून वाईट असे की थायमीनच्या घटकाची टंचाई आणि युरॅसिलच्या घटकाची रेलचेल असताना प्रत काढणारे विकर थायमीनच्या जागी सरळ युरॅसिल बसवू लागते. त्याला दोन्ही चालतात. मग आपला पहारेकरी येतो, युरॅसिल तोडून टाकतो. रिकामी जागा भरायला पुन्हा युरॅसिलच मिळते. पुन्हा तोडणे, पुन्हा भरणे. प्रत्येक वेळी धागा कापला जातो. समोरासमोरच्या धाग्यांवर असे काप जवळजवळ पडले की गुणसूत्रच तुटते. जी यंत्रणा पोथी सांभाळण्यासाठी आहे तीच साहित्य न मिळाल्यामुळे पोथी फाडू लागते. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फोलेटची कमतरता असलेल्या माणसांच्या रक्तपेशींत प्रत्येकी सुमारे ४० लाख युरॅसिले आढळली. फोलेट दिल्यावर ती संख्या आणि गुणसूत्रांतील तूटफूट दोन्ही कमी झाल्या. बी-१२ कमी असले तरी शरीरातले फोलेट अडकून पडते आणि परिणाम तोच होतो. शाकाहारी घरांत हे विसरून चालत नाही, कारण नुसते फॉलिक ॲसिड दिल्याने रक्त सुधारलेले दिसते आणि बी-१२ च्या अभावाने मज्जासंस्थेची होणारी हानी मात्र आत चालूच राहते.

डॉक्टरांनी हीच कमतरता मुद्दाम निर्माण करून तिचा उपयोगही केला. आंध्रातून अमेरिकेत गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार केले, आणि मग त्याच्यासारखीच दिसणारी, पण त्याचे काम अडवणारी संयुगेही बनवली. त्यांपैकी अमिनोप्टेरीन सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांना दिले. १९४८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले की काही मुलांचा रोग काही काळ तरी मागे हटला होता. त्याच कुळातले मेथोट्रेक्झेट आजही वापरात आहे. वेगाने विभागणाऱ्या कर्करोगाच्या पेशीला थायमीन न मिळू देणे, हे या औषधामागचे मुख्य तत्त्व.

शाळेतल्या शिक्षकांच्या हातून फॉलिक ॲसिड दर आठवड्याला वाटले जाते. किशोरवयीन मुलामुलींसाठी लोह आणि फॉलिक ॲसिडच्या साप्ताहिक गोळ्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२-१३ पासून चालू आहे. त्या निळ्या गोळीत ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. गोळी रिकाम्या पोटी देऊ नये, जेवणानंतर द्यावी, ही सूचना लोहामुळे आहे. मळमळते ते लोहाने. लोह हिमोग्लोबिनसाठी लागते हे मुलांना पाठ असते. गोळीच्या वेष्टनावरचे दुसरे नाव कशासाठी, असे कोणी विचारले तर फळ्यावरच्या तक्त्यातील चौथ्या अक्षरावर बोट ठेवावे.